जर्मनीतला विवस्त्र सौना आणि एफकेके: कोडाचे चट्टे, व्रण, सुटलेलं पोट घेऊन सुरुवात कशी करावी?

इसारकाठ:
म्युनिककरांना आणि इतर माहीतगारांनाही विचारतेय. इथल्या बहुतेक सौनांमध्ये पोहण्याचे कपडेसुद्धा चालत नाहीत. उन्हाळ्यात फेरिंगासे तलावाच्या एका बाजूला आणि इंग्लिश गार्डनमध्ये एफकेकेवाले (एफकेके म्हणजे 'फ्रायक्योर्परकुल्टुर', मोकळ्यावर विवस्त्र वावरण्याची इथली पद्धत) निवांत पहुडलेले असतात. वय ४३. पोटावर सिझेरियनचा आडवा व्रण, पाठीवर आणि मांड्यांवर कोडाचे चट्टे. तलावावरही अंगभर पोशाख घालायची सवय जडली आहे आणि ती मोडायची आहे. "स्वतःवर प्रेम करायला शिका" छापाचे सल्ले भरपूर वाचून झालेत, ते कृपया नकोत. आधी सौना की आधी तलाव, सोबत काय न्यायचं, चट्ट्यांना उन्हाचा किंवा वाफेचा त्रास होतो का, आणि ऐन वेळी पाय मागे आले तर काय करायचं, हे नेमकं सांगा. याने खरंच फरक पडतो का, की नुसतीच हवा आहे?

वाफाळ:
आधी सौना, तोही बायकांच्या दिवशी. एफकेके तलावावर तासन् तास नुसतं पडून राहायचं असतं, हाताला काही उद्योग नसतो, त्यामुळे लक्ष आपल्याच पोटाकडे जातं. सौनात दर दहा मिनिटांनी काहीतरी करायचं असतं आणि आत उजेडही मंद असतो. बायकांचा दिवस वेळापत्रकात 'डामेनसाउना' नावाने सापडेल, बऱ्याच सार्वजनिक स्नानगृहांत तो आठवड्यातून एकदा असतो.

सोबत ८० बाय २०० सेंटिमीटरच्या आसपासचा एक जाड टॉवेल, अंग पुसायला दुसरा, बाथरोब, रबरी चपला आणि प्लास्टिकची पाण्याची बाटली. पंचा नेऊ नका. तो पातळ पडतो, घाम झिरपून खाली उतरतो, आणि घामाचा थेंब लाकडावर पडता कामा नये हा इथला पहिला नियम. टॉवेल तळपायांखालीसुद्धा यायला हवा. नवख्या भारतीयांना बोलणी बसतात ती यावरून, कुणाचं पोट केवढं आहे यावरून नाही.

कपडे लॉकरपाशी काढून बाथरोब चढवायचा. साबणाने आंघोळ करून अंग कोरडं करायचं, कारण ओल्या अंगाला घाम उशिरा फुटतो. बाथरोब सौनाच्या दाराबाहेर खुंटीला, चपला खाली, आणि टॉवेल घेऊन आत. म्हणजे प्रत्यक्ष उघड्या अंगाने चालायची ती चार पावलं. तीही जड वाटली तर टॉवेल गुंडाळून बसा, बहुतेक ठिकाणी ते चालतं. चालत नाही तो स्विमसूट.

फिनिश सौना ८० ते १०० अंशांचा असतो, पहिल्या दिवशी त्याच्या नादी लागू नका. 'बायो' पाटी असलेला ४५ ते ६० अंशांचा निवडा, खालचा बाक, ८ ते १० मिनिटं. झोपला असाल तर शेवटची दोन मिनिटं उठून बसा, नाहीतर दारातच चक्कर येते. बाहेर आल्यावर आधी मोकळी हवा, मग गार पाणी पावलांपासून वर, मग १५-२० मिनिटं आडवं पडायचं. दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या. भरल्या पोटी जाऊ नका आणि उपाशीही नको. धीर यावा म्हणून आधी वाइन घेणारे असतात. त्या उष्णतेत दारू म्हणजे रक्तदाब कोसळायला आमंत्रण. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चष्मा लॉकरमध्येच ठेवा, उष्णतेने काचेवरचं कोटिंग तडकतं. समोरचे लोक धूसर दिसतात, हा पहिल्या दिवशीचा जास्तीचा फायदा.

गंधाली:
वाफाळ यांनी सामान सांगितलं, मी डोक्याचं सांगते.

पहिल्या काही मिनिटांत धडधडणार हे गृहीत धरा. ही भीती चढते, थोडा वेळ टिकते आणि तिथेच बसून राहिलं की आपोआप उतरते. घोळ होतो तो असा, की लोक नेमके ती चढत असताना उठून जातात. मग मनाची खात्री पटते की "निघालो म्हणून वाचलो", आणि पुढच्या खेपेला भीती आणखी लवकर चढते. म्हणून "बरं वाटेल तोवर थांबेन" असं ठरवू नका, "दोन फेऱ्या करीन" असं ठरवा. फारच असह्य झालं तर घरी न जाता बाथरोब घालून विश्रांतीच्या खोलीत बसा, धडधड कमी झाल्यावर एक छोटी फेरी करा आणि मगच निघा.

त्याआधी तीन-चार आठवडे घरी आरशाचा सराव करा. पूर्ण उंचीचा आरसा, दीडेक मीटर अंतर, खोलीतला नेहमीचा उजेड. डोक्यापासून पावलांपर्यंत जे दिसतं त्याचं मोठ्याने वर्णन करायचं. शब्द फक्त रंग, आकार, पोत आणि जागा यांचे. "घाण", "बेढब" बाद, आणि "छान" सुद्धा बाद. उदाहरणार्थ: "बेंबीखाली चार बोटांवर आडवी रेघ, वितीपेक्षा थोडी कमी, टोकांना फिकट, मध्ये जांभळट, तिच्यावर त्वचेची एक घडी." दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. यात दोन चुका हमखास होतात. नजर व्रणावरच खिळते. तसं होऊ द्यायचं नाही, गुडघ्याला आणि कानालाही तेवढाच वेळ द्यायचा. दुसरी म्हणजे पोट आत ओढून उभं राहणं. असं केलं तर सराव दुसऱ्याच कुणाच्या पोटाचा होतो.

खाण्याच्या विकारावर उपचार चालू असतील, किंवा एखाद्या अवयवाच्या व्यंगाचा विचार दिवसातले तासन् तास खात असेल, तर मात्र हा सराव एकटीने करू नये. तिथे आरसा दुखणं वाढवू शकतो, आधी मानसोपचारतज्ज्ञ.

फरक पडतो का? लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांनी यावर काम केलंय. २०१८ च्या लेखात ८४९ जणांची पाहणी आहे: विवस्त्र उपक्रमांत जास्त भाग घेणाऱ्यांमध्ये शरीराबद्दलचं मत बरं, आत्मसन्मान जास्त आणि आयुष्याबद्दलचं समाधानही जास्त. पण ही नुसती पाहणी. ज्यांना मुळातच लाज कमी तेच तिकडे जात असतील, अशी शंका राहतेच. त्याच लेखात प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर केलेल्या २४ आणि १०० जणांच्या नोंदी आहेत, त्यांतही वाढ दिसली. नंतर त्यांनी ५१ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एक गट कपड्यांत गप्पा मारणार, दुसरा कपड्यांविना. दुसऱ्या गटाला स्वतःच्या शरीराबद्दल जास्त आपुलकी वाटली, आणि त्यामागचं कारण "लोक मला जोखतील" ही धास्ती कमी होणं हे निघालं. संख्या लहान आहे, परिणाम किती टिकतो हे त्यातून ठरत नाही. तरी "नुसतीच हवा" म्हणता येणार नाही.

तुमच्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. पहिल्या लेखात जास्त वजन पडलं ते लोकांनी आपल्याला बघण्याला नव्हे, तर आपण इतर साधी, जाहिरातीत न येणारी शरीरं बघण्याला. त्यामुळे डोळे मिटून कोपऱ्यात बसलात तर निम्मं औषध वाया. एकटक बघायचं नाही हे उघडच आहे; बसस्टॉपवर बघतो तशी फिरती नजर ठेवायची. सत्तरीच्या बायका, शस्त्रक्रियेचे व्रण, एक स्तन काढलेल्या, गुडघा बदललेल्या, बाळंतपणाच्या रेघांच्या, सगळ्या दिसतील. बायकांच्या दिवशी गर्दी बरीचशी पन्नाशीपुढची असते, ही त्या दिवसाची मोठी जमेची बाजू.

आणि झाकायच्या छोट्या छोट्या युक्त्या एकेक करून सोडा. पोटावर धरलेली पिशवी, छातीवर हातांची घडी, भिंतीला पाठ लावूनच बसणं, "बाई, किती जाडी झालेय मी" असा आपणच आधी मारलेला विनोद. एका खेपेला एकच.

टिळकरोड_ते_टेगेल:
यात नवीन ते काय? आपल्याकडे नाशकात कुंभमेळ्याला नागा साधू पिढ्यान्‌ पिढ्या हिंडताहेत. जर्मनांनी आपल्याला शिकवायचं?

दप्तरदार:
टिळकरोड, नागा साधू किंवा दिगंबर मुनी कपडे सोडतात ते वैराग्य म्हणून. शनिवारी सौनात बसून सोमवारी ऑफिसला जाणाऱ्याचा आणि त्याचा काय संबंध?

महाराष्ट्राचा खरा संबंध हवा असेल तर आहे, आणि तो चांगला गमतीदार आहे. या धर्तीचा सगळ्यात जुना माहीत असलेला क्लब जर्मनीत नव्हे, आपल्या ठाण्यात निघाला, १८९१ साली. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हा तिथला जिल्हा व सत्र न्यायाधीश, आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे, असे एकूण तीन सभासद. नाव 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट'. तुळशी तलावावर आणि माथेरानला जमायचे. क्रॉफर्डची बदली रत्नागिरीला झाली आणि क्लब बुडाला. त्याने इंग्लंडमधल्या एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला लिहिलेल्या पत्रांमुळे हे टिकून राहिलं. जर्मनीत हॅम्बुर्गच्या बाजूला क्लिंगबर्गचं विवस्त्र वावरायचं 'मुक्तप्रकाश उद्यान' उघडलं ते त्यानंतर, १९०३ साली.

दुसरे र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं आणि नग्नतेत मुळात अश्लील काही नाही ही बाजू ते उघडपणे मांडत. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये त्यांची बाजू लढवली डॉ. आंबेडकरांनी. तेव्हा ही चर्चा मराठीला परकी नाही एवढं म्हणू.

त्वचा_आणि_बरंच_काही:
चट्ट्यांचं बघू. वाफेने किंवा घामाने कोड वाढत नाही आणि ते कुणाला लागतही नाही. पण सपाटून घासल्याने, ओरखड्याने नवे चट्टे येऊ शकतात. सोरायसिसमध्येही तसंच. त्यामुळे शॉवरमध्ये खरबरीत स्पंज नको, टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका. घरी गेल्यावर सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर. चट्टे लपवायचं मेकअप लावून सौनात जाऊ नका, दहा मिनिटांत ओघळून टॉवेलवर उतरतं. उघडी जखम किंवा चिघळलेली त्वचा असेल तर तेवढे दिवस थांबा.

कुणी विचारलंच तर एक वाक्य पाठ ठेवा: "इस्ट व्हिटिलिगो, निष्ट आनश्टेकंड." कोड आहे, संसर्गजन्य नाही. पुढे खुलासा देत बसायची गरज नाही, समोरचीही "आख झो" (अस्सं होय) म्हणून मोकळी होते.

खरा धोका तलावावर आहे, उन्हाचा. कोडाच्या जागी रंगद्रव्य नसतं, ती त्वचा लवकर भाजते, आणि तुमच्या मांड्यांना, पाठीला वर्षानुवर्षं ऊन लागलेलं नाही. एसपीएफ ५० चं सनस्क्रीनच घ्या. बाटलीवरचा आकडा खरा ठरायला दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लागतं. अंगभर लावायचं तर एका वेळेला साधारण ३५ मिली. म्हणजे २०० मिलीची बाटली जेमतेम पाच-सहा वेळा पुरते. लोक याच्या निम्मं लावतात आणि मग क्रीमला शिव्या घालतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. हमखास राहणाऱ्या जागा: नितंबांचा खालचा भाग, गुडघ्यांच्या मागे, स्तनांची खालची बाजू आणि स्तनाग्रं, पावलांचा वरचा भाग, कानाच्या पाळ्या. पाठीला लावायला कुणी नसेल तर लांब दांड्याचा स्पंज मिळतो. पहिले दोन-तीन दिवस सकाळी अकराच्या आधी नाहीतर संध्याकाळी पाचनंतरच जा.

सिझेरियनचा व्रण जुना असेल तर काही खास करायचं नाही. शस्त्रक्रियेला वर्ष व्हायच्या आतले व्रण उन्हापासून झाकावेत, नाहीतर काळे पडून राहतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर काखेतल्या गाठी काढल्या असतील तर सौनाआधी डॉक्टरांना विचारणं आवश्यक, उष्णतेने हाताला सूज येऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर मलमूत्रासाठी पोटावर पिशवी बसवलेलेही येतात. ती आधी रिकामी करून घ्यायची आणि चिकटपट्टी उष्णतेने सुटते म्हणून एक जादा जवळ ठेवायची.

इसारकाठ:
सगळ्यांचे आभार, हे हवं होतं. आणखी तीन बारीक शंका. मंगळसूत्र आणि जोडव्यांचं काय करायचं? पाळीच्या दिवसांत? आणि ऑफिसमधलं कुणी भेटलं तर?

वाफाळ:
धातूचं सगळं काढा. ९० अंशांत सोन्याची वाटी छातीला डाग देते, अक्षरशः. निघत नसेल अशी अंगठी किंवा जोडवी असेल तर कमी तापमानाचा सौना घ्या आणि मधूनमधून तिथे गार ओला हात लावा. लॉकरमध्ये ठेवायची भीती वाटत असेल तर घरीच ठेवून निघा. अंगाला, केसांना तेल लावून येऊ नका, पाण्यावर तवंग येतो.

पाळीत कप किंवा टॅम्पॉन. दोरी आत सारायची, संपला विषय. जास्त स्राव असेल तर उष्णतेने अशक्तपणा वाटतो, त्या दिवशी टाळलेलं बरं.

ऑफिसातलं कुणी भेटलं तर "सेर्वुस" (इकडचा नमस्कार) म्हणून पुढे व्हायचं. सोमवारी तो विषय काढायचा नाही. ते लोकही काढत नाहीत.

कायद्याचं_बोला:
धागा वाचून कुणी उत्साहाने भलतीकडे जाऊ नये म्हणून.

सौनात मोबाइल लॉकरमध्येच. आतल्या माणसाचा चोरून फोटो काढणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तलावावर कायद्याची बाजू थोडी वेगळी असली तरी फोन हातात दिसला की लोक उठून जाब विचारतात. गाणी ऐकायची असतील तर फोन पिशवीत ठेवूनच ऐका.

म्युनिकमध्ये विवस्त्र उन्हं खायला महापालिकेने २०१४ मध्ये सहा जागा ठरवून दिल्या, इंग्लिश गार्डनमधली श्योनफेल्डवीझ ही हिरवळ त्यातली. तिथे कपडे घालून बसायलाही कुणाची हरकत नसते. हरकत असते ती पाच-सहा पुरुषांनी शर्ट-पॅन्टमध्ये घोळका करून काठाकाठाने फिरण्याला. आपल्या लोकांचं नाव त्यात वारंवार येतं, उगाच नाही. जायचं तर एकटे किंवा दोघं जा, चादर अंथरा आणि पडा. पुरुषांच्या मनातली न विचारलेली भीती: उत्तेजना आली तर? क्वचित येते. पालथं पडा, टॉवेल घ्या किंवा पाण्यात जा, दोन मिनिटांत निभावतं. मिरवलं तर मात्र तो वेगळा मामला आणि तिथे पोलीस येतात.

नियमित जायचं असेल तर जर्मन एफकेके महासंघाशी जोडलेले क्लब आहेत. बहुतेक ठिकाणी आधी ईमेल करायचा, एखादा सभासद आवार दाखवतो, दोन-तीनदा पाहुणे म्हणून यायचं आणि मग सभासदत्व. पोहायला विवस्त्र जाणं बंधनकारक, बाकी वेळी थंडी वाजली तर स्वेटर घाला, कुणी काही म्हणत नाही. रिंगटेनिस हा त्यांचा आवडता खेळ. तुमच्यासारख्यांना तो पडून राहण्यापेक्षा सोयीचा, चेंडूऐवजी रबरी कडं झेलताना पोटाकडे लक्ष जायला फुरसत नसते.

भारतात यातलं काहीही सार्वजनिक ठिकाणी करू नका. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये बसवलं जातं: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोव्यात अधिकृत विवस्त्र किनारा एकही नाही. मिलिंद सोमण यांच्यावर २०२० मध्ये किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाच्या फोटोवरून गुन्हा नोंदला गेला होता, तेव्हा "गोव्यात चालतं" या भ्रमात राहू नका. "गोवा न्यूड पार्टी, आगाऊ बुकिंग" असल्या जाहिराती पैसे उकळायच्या. घरात, पडदे लावून, गंधाली यांचा आरशाचा सराव करायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

इसारकाठ:
बायकांचा दिवस नक्की केला. गर्दीत सवय झाल्यावर बाडन-बाडनच्या फ्रीडरिक्सबाडला जायचा विचार आहे. तिथे चट्ट्यांमुळे काही अडचण?

त्वचा_आणि_बरंच_काही:
जरूर जा. १८७७ ची इमारत आहे, रोमन-आयरिश पद्धतीचं स्नान, सतरा टप्पे ठरलेल्या क्रमाने. शॉवरनंतर ५४ अंशांच्या कोरड्या हवेत १५ मिनिटं, मग ६८ अंशांत ५. पुढे वाफ ४५ आणि ४८ अंशांची, मग पाणी उतरत्या क्रमाने: ३६, ३४, २८ आणि शेवटी १८ अंशांची गार डुबकी. प्रत्येक टप्प्याची मिनिटं भिंतीवर लिहिलेली असतात, त्यामुळे आता काय करू असा प्रश्न पडत नाही. नवख्यांना ते मानवतं.

तुमच्यासाठी अडचणीचा टप्पा एकच, मधला साबण-ब्रशचा मसाज. त्यांचा ब्रश चांगलाच कडक असतो आणि चट्ट्यांवर तो नको. मसाज नसलेलं तिकीट घ्या. घेतलाच असेल तर आधी "वाइश, बिटे" म्हणून मऊ ब्रश मागा आणि चट्टे हाताने दाखवा, तेवढी जागा त्या सोडून देतात. स्त्री-पुरुष एकत्र असण्याचे आणि वेगळे असण्याचे दिवस ठरलेले असतात, कपड्यांचे नियमही बदलू शकतात. तिकीट काढताना त्या दिवसाचं वेळापत्रक बघून घ्या.